राजाज्ञेची प्रसिद्धी : नाशिकच्या शिलालेखांपासून ई-राजपत्रापर्यंत

प्रस्तावना

कायद्याचे अज्ञान हा बचाव होऊ शकत नाही, हे तत्त्व सर्वपरिचित आहे. मात्र या तत्त्वाला एक पूर्वअट आहे आणि तिच्याकडे क्वचितच लक्ष दिले जाते. प्रजेला कायदा ठाऊक आहे असे गृहीत धरावयाचे, तर तो ठाऊक होऊ शकेल अशा रीतीने शासनाने आधी जाहीर केलेला असला पाहिजे. आधुनिक राज्यात ही जबाबदारी राजपत्राकडे आहे. सामान्य वाचक 'गॅझेट' हा शब्द उच्चारतो तेव्हा त्याच्या मनात बहुधा नावातील बदलाची जाहिरात असते, तर इतिहासाच्या अभ्यासकाच्या मनात जिल्ह्याचे गॅझेटियर असते. प्रत्यक्षात राजपत्र या दोहोंहून वेगळे आहे. अधिनियम, अध्यादेश, नियम व अधिसूचना यांना ज्या पानावर छापल्यामुळे विधिमान्य अस्तित्व प्राप्त होते, ते पान म्हणजे राजपत्र.

राजाज्ञेच्या प्रसिद्धीची तीन कार्ये मानता येतील. पहिले कार्य श्रवणाचे, म्हणजे आज्ञा लोकांच्या कानी घालण्याचे. दुसरे नोंदीचे, म्हणजे आज्ञेचा अस्सल पाठ पुराव्यादाखल जतन करण्याचे. तिसरे आरंभाचे, म्हणजे आज्ञेचा अंमल नेमका केव्हापासून हे ठरविण्याचे. नाशिक परिसरात या तिन्ही कार्यांचा जवळजवळ दोन हजार वर्षांचा पुरावा उपलब्ध आहे. प्रस्तुत निबंधात त्याचा मागोवा घेऊन असे दाखविण्याचा प्रयत्न केला आहे की, नोंद व आरंभ ही दोन कार्ये काळाच्या ओघात अधिकाधिक काटेकोर होत गेली, परंतु श्रवणाचे कार्य मात्र मागे पडत गेले.

त्रिरश्मी लेण्यांतील साक्ष

नाशिकजवळील पांडवलेणी प्राचीन काळी त्रिरश्मी पर्वत या नावाने ओळखली जात. येथील प्राकृत शिलालेखांचे वाचन पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी केले व ते १८८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नाशिक जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये समाविष्ट झाले. पुढे एमिल सेनार्ट यांनी त्यांचे पुन्हा संपादन केले. या लेखांचा उपयोग आजवर मुख्यत्वे क्षहरात-सातवाहन संघर्षाच्या राजकीय इतिहासासाठी झाला आहे. तथापि राज्यकारभाराच्या कार्यपद्धतीविषयीही ते बरेच काही सांगतात.

क्षत्रप नहपान याचा जावई उषवदात याचा लेणे क्रमांक १० मधील लेख या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. वर्ष ४२ चा उल्लेख असलेल्या या लेखात लेण्यात राहणाऱ्या भिक्षूंसाठी ३००० कार्षापणांची अक्षयनीवी ठेवल्याचे नमूद आहे. त्यांपैकी २००० कार्षापण गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक या व्याजाने, तर १००० दुसऱ्या श्रेणीकडे दरमहा शेकडा पाऊण या व्याजाने ठेवण्यात आले. मूळ रक्कम परत करावयाची नसून केवळ व्याजाचा उपभोग घ्यावयाचा होता. २००० कार्षापणांचे वार्षिक व्याज २४० होते आणि वीस भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी १२ कार्षापण देण्याची तरतूद त्यातून तंतोतंत भागते.

या सर्व तपशिलानंतर लेखात एक छोटे परंतु अर्थपूर्ण विधान येते. हे सर्व निगमसभेत ऐकविण्यात आले आणि प्रथेनुसार फलकावर नोंदविण्यात आले, असे ते विधान आहे. मूळ प्राकृतातील 'स्रावित' व 'निबध' हे दोन शब्द दोन स्वतंत्र क्रिया दर्शवितात. पहिली सभेत वाचून दाखविण्याची, दुसरी दप्तरी लावण्याची. दगडावरील कोरीव लेख ही त्यानंतरची तिसरी पायरी होय. उषवदाताचा लेख हा काटेकोर अर्थाने कायदा नसून दानलेख आहे, हे खरे. परंतु सत्ताधाऱ्याच्या कुटुंबातील व्यक्तीने दिलेले वचन बंधनकारक ठरण्यासाठी ते नगराच्या सभेपुढे उच्चारले जाणे आवश्यक मानले जात होते, हे त्यातून स्पष्ट होते. 'निबध' या शब्दाच्या कुळातील 'निबंधक' हा शब्द आजही दस्तनोंदणी कार्यालयाच्या पाटीवर आढळतो. श्रवणाच्या क्रियेला मात्र त्या कार्यालयात स्थान उरलेले नाही.

लेणे क्रमांक ३ मध्ये गौतमीपुत्र सातकर्णीच्या दोन आज्ञा कोरलेल्या आहेत. वर्ष १८ ची आज्ञा वैजयंतीच्या सेनेच्या विजयी तळावरून गोवर्धनचा अमात्य विष्णुपालित यास उद्देशून आहे. पूर्वी उषवदाताकडे असलेले २०० निवर्तनांचे शेत त्रिरश्मीवरील भिक्षूंना देण्यात येत असून त्यात राजपुरुषांनी प्रवेश करू नये, त्यास हात लावू नये, मिठासाठी तेथे खोदकाम करू नये, अशा सवलती त्यात नमूद आहेत. आज्ञा तोंडी दिली गेली, अमात्य शिवगुप्ताने ती लेखनिविष्ट केली, ती जतन करण्यात आली व दानपत्र विशिष्ट दिवशी हवाली झाले, असा क्रमही लेखात दिला आहे. आज्ञेचा उच्चार, मसुदा, जतन आणि दिनांक या चारही गोष्टींची दखल घेणारे हे प्रशासन प्रसिद्धीबाबत जागरूक होते, यात शंका नाही.

वर्ष २४ ची आज्ञा अधिक उद्बोधक आहे. गौतमीपुत्र व राजमाता यांच्या नावे गोवर्धनचा अमात्य श्यामक यास ती पाठविण्यात आली. कखडी गावी पूर्वी भिक्षूंना दिलेले शेत कसले जात नाही व ते गावही वसलेले नाही, अशी कबुली तीत आहे. म्हणून नगराच्या सीमेवरील राजकीय शेतातून १०० निवर्तने देण्यात यावीत, असा आदेश आहे. आजच्या परिभाषेत हे शुद्धिपत्र किंवा सुधारणा अधिसूचना म्हणता येईल. राज्याने आधीची आज्ञा खोडून टाकली नाही, तर नवी आज्ञा तिच्या सान्निध्यातच कोरून घेतली. त्यामुळे दिलेले वचन, ते फोल ठरल्याची कबुली आणि घटलेल्या क्षेत्राची भरपाई या तिन्ही गोष्टी आजही एकत्र वाचता येतात. प्रसिद्ध केलेली आज्ञा राज्यालाही बांधून ठेवते, याचे याहून प्राचीन स्थानिक उदाहरण सापडणे कठीण आहे.

दवंडी, ताकीद आणि जाहीरनामा

शिलालेख वाचू शकणाऱ्यांची संख्या कोणत्याही काळी मर्यादितच असणार. म्हणूनच मौखिक प्रसिद्धीची परंपरा समांतरपणे चालत राहिली. सम्राट अशोकाने कलिंगातील आपले स्वतंत्र लेख ठराविक तिथींना वाचून दाखविण्याची आज्ञा दिली होती. महाराष्ट्रात सोपारा येथे त्याच्या शिलालेखांचे तुकडे सापडले आहेत. मराठा अंमलात राजाज्ञा प्रामुख्याने पत्ररूपाने जात. ताकीदपत्रे, सनदा व अभयपत्रे संबंधित अधिकाऱ्यास, देशमुख-देशपांड्यांस वा गावच्या पाटील-कुलकर्ण्यांस पाठविली जात आणि तेथून पुढे चावडी व दवंडी यांच्या द्वारे त्यातील आशय रयतेपर्यंत जाई. सर्व प्रजेसाठी एकच छापील पाठ ही कल्पना त्या व्यवस्थेत नव्हती.

या साखळीतील शेवटचा दुवा लक्षणीय आहे. सरकारी निरोप पोहोचविणे व दवंडी देणे ही कामे गावगाड्यात महार वतनदारांकडे असत. सरकारचा शब्द ज्यांच्या मुखातून गावाला ऐकू येई, त्यांचा तो शब्द ठरविण्यात कोणताही वाटा नव्हता आणि या सेवेचा मोबदलाही तुटपुंजा होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, त्यामागे ही वेठ होती. राजाज्ञेच्या प्रसिद्धीचा इतिहास लिहिताना गॅझेटच्या छापखान्याबरोबरच या दवंडी देणाऱ्यांची नोंद घेणेही आवश्यक ठरते.

ब्रिटिश सत्तेचा आरंभ या प्रदेशात एका जाहीरनाम्याने झाला. ११ फेब्रुवारी १८१८ रोजी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने साताऱ्याहून जाहीरनामा काढून पेशव्यांची सत्ता संपुष्टात आल्याचे घोषित केले. त्याच वर्षी नाशिकचा मुलूख कंपनीच्या ताब्यात गेला. १ नोव्हेंबर १८५८ चा राणीचा जाहीरनामाही देशी भाषांत भाषांतरित करून ठिकठिकाणी जाहीरपणे वाचण्यात आला. सत्तांतरासारख्या मोठ्या प्रसंगी वाचनाची ही जुनी रीत इंग्रजांनी सोडली नाही. दैनंदिन कायद्यांसाठी मात्र त्यांनी वेगळा मार्ग पत्करला.

गॅझेटचा उदय

इंग्लंडमध्ये १६६५ मध्ये ऑक्सफर्ड येथे सुरू झालेले व लवकरच लंडन गॅझेट म्हणून प्रसिद्धीस आलेले पत्र हा या मार्गाचा आदर्श होता. हिंदुस्थानात १७८४ मध्ये कलकत्ता गॅझेट निघाले. १७९३ च्या बंगाल विनियम ४१ अन्वये सर्व विनियम क्रमांक देऊन, छापून व फारसी-बंगाली भाषांतरांसह प्रसिद्ध करण्याचे बंधन कंपनी सरकारने स्वतःवर घालून घेतले. मुंबई इलाख्यात १८२७ ची एल्फिन्स्टन संहिता याच विचारपरंपरेतून आली. यथावकाश मुंबई सरकारचे स्वतंत्र गॅझेट निघू लागले व त्यातील आवश्यक मजकुराची देशी भाषांतरे करण्यासाठी सरकारने प्राच्य भाषांतरकाराचे पद निर्माण केले.

येथे आरंभाच्या प्रश्नाचा विचार करणे उचित ठरेल. इंग्लंडमध्ये १७९३ पर्यंत एक चमत्कारिक नियम प्रचलित होता. अधिनियमात वेगळी तारीख दिलेली नसल्यास तो संसदेच्या त्या अधिवेशनाच्या पहिल्या दिवसापासून अंमलात आला असे मानले जाई. म्हणजे कायदा संमत होण्यापूर्वीच त्याचा भंग झालेला असू शके. १७९३ च्या अधिनियमाने ही विसंगती दूर केली. भारतात १८९७ च्या केंद्रीय सामान्य वाक्खंड अधिनियमानुसार, दुसरी तरतूद नसल्यास, केंद्रीय अधिनियम अनुमती मिळाल्याच्या दिवशी अंमलात येतो. १९०४ च्या मुंबईच्या सामान्य वाक्खंड अधिनियमाने मात्र ती अनुमती राजपत्रात प्रथम प्रसिद्ध झाल्याचा दिवस हा आरंभाचा दिवस ठरविला. हा फरक वरकरणी लहान वाटतो. परंतु स्वाक्षरी झाली पण छापले गेले नाही, अशा मधल्या काळात नागरिकाला जबाबदार धरावे की नाही, या प्रश्नाचे उत्तर त्यावर अवलंबून असते. मुंबईचा नियम नागरिकाच्या बाजूने झुकलेला आहे आणि महाराष्ट्रात तो आजही लागू आहे.

न्यायालयापुढील कसोटी

प्रसिद्धीविना कायदा असू शकतो काय, हा प्रश्न स्वातंत्र्यानंतर लगेचच सर्वोच्च न्यायालयापुढे आला. जयपूर संस्थानाच्या मंत्रिमंडळाने ११ डिसेंबर १९२३ रोजी अफूविषयक कायदा ठरावाद्वारे केला होता, परंतु तो कोठेही प्रसिद्ध केला नव्हता. या कायद्याखाली हरला नावाच्या इसमास ५० रुपये दंड झाला. १९५१ च्या निकालात न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी ही शिक्षा रद्द केली. नैसर्गिक न्यायाचा किमान आग्रह असा की, ज्या कायद्यासाठी माणसाला शिक्षा करावयाची तो आधी त्याला कळू शकेल अशा कोणत्या तरी मार्गाने जाहीर झालेला असावा, असे या निकालाचे सार आहे. नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीशपद भूषविलेल्या न्यायमूर्ती बोस यांचा हा निकाल या विषयावरील मूलभूत निकाल मानला जातो.

या प्रश्नाची दुसरी बाजू मुंबईतील एका खटल्याने पुढे आणली. रिझर्व्ह बँकेची ८ नोव्हेंबर १९६२ ची सोने वाहतुकीसंबंधीची अधिसूचना २४ नोव्हेंबर रोजी भारताच्या राजपत्रात प्रसिद्ध झाली. एम. एच. जॉर्ज हा जर्मन प्रवासी २७ नोव्हेंबर रोजी झुरिकहून मनिलाकडे निघाला व दुसऱ्या दिवशी विमान सांताक्रूझ येथे थांबले असता त्याच्याजवळ ३४ किलो सोने सापडले. झुरिकमध्ये असताना भारताचे राजपत्र वाचणे त्याला अर्थातच शक्य नव्हते. मुंबई उच्च न्यायालयाने त्याची मुक्तता केली. सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये बहुमताने दोषसिद्धी कायम केली, मात्र शिक्षा भोगलेल्या काळापुरती मर्यादित ठेवली. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी भिन्न मत नोंदविले. राजपत्रात छापले म्हणजे सर्वांना कळले, ही कल्पना वस्तुस्थिती नसून विधीने गृहीत धरलेली गोष्ट आहे, हे या खटल्यात ठळकपणे दिसून आले. ती गृहीत धरल्याशिवाय राज्य चालणार नाही, हे खरे. परंतु म्हणूनच तिचा पाया भक्कम ठेवणे हे राज्याचे कर्तव्य ठरते.

भूसंपादनाच्या कायद्याने हा पाया क्रमाने विस्तारत नेला. १८९४ च्या अधिनियमात राजपत्रातील अधिसूचनेखेरीज त्या परिसरात जाहीर सूचना देण्याची तरतूद होती. १९८४ च्या दुरुस्तीने दोन दैनिक वृत्तपत्रांची भर घातली व त्यांपैकी किमान एक प्रादेशिक भाषेतील असावे असे ठरविले. २०१३ च्या भूसंपादन अधिनियमाने ग्रामपंचायत, तहसील व जिल्हाधिकारी कार्यालयात स्थानिक भाषेतील प्रसिद्धी आणि संकेतस्थळावरील प्रसिद्धी आवश्यक केली. महाराष्ट्र शासन राजपत्राच्या नाशिक विभागीय पुरवणीत गट क्रमांक व क्षेत्राच्या रकान्यांनी भरलेली पाने ज्यांनी चाळली आहेत, त्यांना या तरतुदींमागील निकड सहज उमगेल. ज्या शेतकऱ्याची जमीन त्या रकान्यात असते, त्याच्या घरी राजपत्र क्वचितच पोहोचते.

भाषेचा प्रश्न

प्रसिद्धी कोणत्या भाषेत हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. सातवाहनांनी व क्षत्रपांनी नाशिकच्या लेखांसाठी मुख्यतः प्राकृताचा वापर केला. आधुनिक काळात संविधानाच्या अनुच्छेद ३४८ ने अधिनियमांचा प्राधिकृत पाठ इंग्रजीत असावा असे ठरविले. राज्य विधानमंडळाने दुसरी भाषा विहित केल्यास राज्यपालांच्या प्राधिकारान्वये राजपत्रात प्रसिद्ध झालेला इंग्रजी अनुवाद हाच इंग्रजीतील प्राधिकृत पाठ समजला जातो. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ मुळे मराठी ही राज्याची राजभाषा झाली. त्यामुळे आज राज्याचा अधिनियम राजपत्राच्या भाग चारमध्ये मराठीत व भाग आठमध्ये इंग्रजी अनुवादाच्या रूपाने येतो. मूळ मराठी व अनुवाद इंग्रजी, हा क्रम वसाहतकाळातील क्रमाच्या नेमका उलट आहे आणि त्याचे मोल कमी लेखता येणार नाही. केंद्रीय अधिनियमांच्या बाबतीत १९७३ च्या प्राधिकृत पाठ अधिनियमाने राष्ट्रपतींच्या प्राधिकारान्वये प्रसिद्ध झालेल्या प्रादेशिक भाषांतील अनुवादांना मान्यता दिली. परंतु मराठी पाठ प्रसिद्ध होईपर्यंतही मूळ अधिनियम सर्वांवर बंधनकारक असतोच. शिवाय पाठ मराठीत असला तरी तो मराठी वाचकाला समजेलच असे नाही. परिभाषेची दुर्बोधता हा प्रसिद्धीच्या मार्गातील आणखी एक अडसर आहे.

कागदापासून संगणकापर्यंत

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ८ ने इलेक्ट्रॉनिक राजपत्रातील प्रसिद्धीला छापील प्रसिद्धीची बरोबरी दिली. भारताच्या राजपत्राची छपाई १ ऑक्टोबर २०१५ पासून बंद होऊन ते केवळ ई-राजपत्र झाले. नोटा व मुद्रांक यांच्या छपाईमुळे नाशिकची सर्वत्र ओळख आहे. परंतु गांधीनगर येथील भारत सरकारचा छापखाना तुलनेने अपरिचित राहिला आहे. देशातील १७ केंद्रीय छापखान्यांचे पाच छापखान्यांत विलीनीकरण करण्याचा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०१७ मध्ये घेतला, तेव्हा त्या पाचांत नाशिकचा समावेश होता. म्हणजे राजपत्राने कागद सोडल्यानंतरही सरकारी मुद्रणाच्या नकाशावर नाशिकचे स्थान टिकून राहिले.

ई-राजपत्रामुळे आरंभाचा प्रश्न कमालीचा सूक्ष्म झाला. पुलवामा हल्ल्यानंतर १६ फेब्रुवारी २०१९ रोजी केंद्र सरकारने पाकिस्तानातून येणाऱ्या मालावरील सीमाशुल्क २०० टक्के केले. ही अधिसूचना त्या दिवशी रात्री ८ वाजून ४६ मिनिटे ५८ सेकंदांनी ई-राजपत्रावर चढविण्यात आली. त्याच दिवशी, परंतु त्यापूर्वी, ज्यांनी आयातीची कागदपत्रे दाखल केली होती त्यांच्याकडून वाढीव शुल्क घेता येईल काय, असा वाद निर्माण झाला. सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०२० रोजी जी. एस. चठ्ठा राइस मिल्स प्रकरणात निर्णय दिला की, त्या क्षणापूर्वीच्या व्यवहारांना नवे शुल्क लागू होणार नाही. एकेकाळी अधिवेशनाच्या पहिल्या दिवसापर्यंत मागे जाणारा कायद्याचा आरंभ आता सेकंदावर येऊन ठेपला आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसते की, नोंद आणि आरंभ या दोन्ही बाबतींत राजाज्ञेच्या प्रसिद्धीने मोठा पल्ला गाठला आहे. फलकाची जागा गॅझेटने व गॅझेटची जागा संगणकीय प्रतीने घेतली, तर पक्ष व दिवसाची जागा तास, मिनिटे व सेकंदांनी घेतली. श्रवणाच्या बाबतीत मात्र निगमसभेत ऐकविण्याची प्रथा पुन्हा स्मरण्याजोगी आहे. ती पूर्णपणे लुप्त झाली असे म्हणता येत नाही. सातबारा व पीकपाहणीच्या नोंदींचे चावडी वाचन महाराष्ट्रात अद्याप परिचित आहे आणि सातबाराच्या संगणकीकरणाच्या मोहिमेत नोंदींतील चुका शोधण्यासाठी त्याचा आधार घेण्यात आला. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ नेही माहितीचा प्रसार करताना स्थानिक भाषा व त्या भागातील सर्वांत परिणामकारक माध्यम विचारात घेण्यास सांगितले आहे.

राजपत्रात येणाऱ्या, विशेषतः जमीन, पाणी व गावठाण यांच्याशी संबंधित असणाऱ्या अधिसूचनांचा सारांश ग्रामसभेत वाचून दाखविणे आणि त्या वाचनाची नोंद ग्रामपंचायतीच्या दप्तरी ठेवणे यासाठी फार मोठ्या खर्चाची गरज नाही. वर्ष २४ च्या आज्ञेत गौतमीपुत्राने न कसलेल्या शेताची कबुली दिली, कारण गोवर्धनातील परिस्थिती त्याच्यापर्यंत पोहोचली होती. शासनाचा शब्द जेथे खाली जातो तेथूनच लोकांचा शब्द वर येण्याची शक्यता निर्माण होते. प्रसिद्धी हा केवळ औपचारिक टप्पा न मानता शासन व नागरिक यांच्यातील दुतर्फा व्यवहार मानला, तरच कायद्याचे अज्ञान हा बचाव नाही असे म्हणण्याचा नैतिक अधिकार राज्याला प्राप्त होतो.